परसातील मैदान आणि कृत्रिम हिरवळ : एक आढावा

सातारा व सांगली या दोन शहरांच्या उपनगरांतून गेल्या काही वर्षांत ज्या नव्या गोष्टी नजरेस पडू लागल्या आहेत, त्यांत चहूबाजूंनी उंच जाळी लावलेले, रात्री प्रखर दिव्यांनी उजळणारे आणि तासाच्या भाड्याने मिळणारे कृत्रिम हिरवळीचे मैदान ही एक ठळक गोष्ट होय. तरुण मंडळी त्याला नुसते ‘टर्फ’ म्हणतात. वर्गणी काढून नऊ ते दहाचा तास ‘बुक’ करतात, सहा-सहा षटकांचा बॉक्स क्रिकेटचा सामना खेळतात आणि घामाघूम होऊन घरी परततात. भाड्याच्या मैदानांवरून हे लोण आता खाजगी मिळकतींपर्यंत आले असून, बंगल्याच्या मागे दोन-तीन गुंठे जागा मोकळी असलेला गृहस्थ मुलाबाळांच्या खेळासाठी तीवर अशीच हिरवळ अंथरावी काय, असा प्रश्न विचारू लागला आहे. प्रश्न वरवर पाहता हौसेचा व पैशाचा दिसतो; परंतु त्याला जमिनीची जात, पावसाचे मान, उन्हाची प्रखरता, मुलांचे आरोग्य, नगररचनेचे नियम आणि शेजारधर्म अशी अनेक अंगे आहेत, आणि विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात यांपैकी एकाचाही धडपणे उल्लेख नसतो. त्या सर्व अंगांचा एकत्र विचार करून काही निर्णयाप्रत येता येते काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मातीपासून गादीपर्यंत

खेळाची भूमी बदलली की खेळही बदलतो, हा अनुभव या दोन जिल्ह्यांना नवा नाही. कुस्तीने तो पूर्वीच घेतलेला आहे. तालमीच्या हौद्यात तांबडी माती चाळून घालावयाची, तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस व कापूर मिसळावयाचा, आणि रोज पहाटे ती फावड्याने उकरून पुन्हा सपाट करावयाची, ही परंपरागत सिद्धता पाहिली म्हणजे क्रीडाभूमी तयार करणे ही आपल्याकडे एक स्वतंत्र विद्याच होती, हे मान्य करावे लागते. या मातीत तयार झालेले कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा गादीवरील कुस्ती व तिचे नियम त्यांना सर्वस्वी अपरिचित होते. तरीही ते सहावे आले, आणि चारच वर्षांनी हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. पुढे १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी सुवर्णपदके आणली. हे दोघेही मल्ल मातीतच घडलेले होते. आजही महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग असतात, व दोन्हींतील विजेते अखेरच्या लढतीत समोरासमोर येतात; २०२२ साली ही स्पर्धा साताऱ्यातच झाली. कुंडलच्या मैदानावर हजारो प्रेक्षक आजही लोटतात ते मातीवरच्या कुस्तीसाठीच.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, गादी आली ती माती उणी ठरली म्हणून नव्हे, तर जगाच्या स्पर्धा गादीवर होऊ लागल्या म्हणून. सबब कोणत्याही कृत्रिम पृष्ठभागाविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की खेळणारा कशाची तयारी करीत आहे? अंगमेहनत, दमसास, चपळाई व खेळाची गोडी एवढेच हवे असेल तर मातीने आजवर कोणाचे अडविलेले नाही. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे वयाच्या सतराव्या वर्षी धनुर्विद्येचे जागतिक अजिंक्यपद पटकाविले, ते उसाच्या शेतांच्या सान्निध्यातील साध्या सराव-मैदानावर केलेल्या मेहनतीच्या बळावर.

क्रिकेटची कथा थोडी निराळी आहे. १९१५ साली सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांच्या पिढीपासून जिल्ह्याच्या क्रिकेटला मॅटिंग, म्हणजे काथ्याची वा तागाची चटई, परिचित आहे. पुढे गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत सिमेंटचा पट्टा आला आणि त्यावर चटई अंथरून सराव करण्याचा शिरस्ता पडला. माधवनगरात वाढलेल्या व २०१३ साली महाराष्ट्राकडून खेळताना एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा करणाऱ्या स्मृती मानधनामुळे सांगलीच्या घराघरांतील मुलींच्या हाती बॅट आली, हे तर आपण प्रत्यक्षच पाहत आहोत. तेव्हा क्रिकेटपुरते बोलावयाचे झाल्यास कृत्रिम पृष्ठभाग ही परकी वस्तू नसून जुन्याच चटईची सुधारलेली आवृत्ती आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

कृत्रिम हिरवळीचा जन्म

या वस्तूच्या जन्माची हकीकत उद्‌बोधक आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी १९६५ साली ॲस्ट्रोडोम नावाचे छत असलेले प्रचंड क्रीडागृह उभे राहिले. छताला पारदर्शक तावदाने होती व आत खरे गवत लाविले होते. परंतु तावदानांतून येणाऱ्या लखलखाटाने चेंडू दिसेना, म्हणून त्यांना रंग देण्यात आला, आणि सूर्यप्रकाश बंद होताच गवत मेले. त्याची जागा १९६६ साली मॉन्सँटो कंपनीच्या नायलॉनच्या गवताने घेतली, आणि क्रीडागृहाच्या नावावरूनच ते ‘ॲस्ट्रोटर्फ’ म्हणून प्रसिद्धीस आले. म्हणजे कृत्रिम हिरवळ जन्मास आली ती सूर्यप्रकाशाच्या अभावी; आणि आपण ती अंथरू पाहतो ती वैशाखात पारा चाळिशीला टेकणाऱ्या कृष्णाकाठी! ही विसंगती ध्यानात ठेविली म्हणजे पुढील पुष्कळ गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला, ही जखम अद्याप आपल्या क्रीडाविश्वात सलते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय हॉकी या मैदानाखेरीज होईनाशी झाली. फलटण तालुक्यातून वैष्णवी फाळके व अक्षता ढेकळे यांच्यासारख्या मुली भारतीय संघापर्यंत पोहोचल्या, त्यांना अशा मैदानावरील सरावावाचून गत्यंतर नव्हते. परंतु हॉकीचे मैदान ही संस्थेने किंवा शासनाने करावयाची गोष्ट. परसात तिचा विचार संभवत नाही.

तंत्राच्या दृष्टीने या हिरवळीच्या तीन पिढ्या मानल्या जातात. पहिली आखूड व दाट तंतूंची, भरणाविरहित. दुसरी थोड्या लांब तंतूंची, ज्यांच्यामध्ये वाळू भरली जाते. आणि तिसरी, विसाव्या शतकाच्या अखेरीस आलेली, चार ते सहा सेंटिमीटर उंच व मऊ तंतूंची, ज्यांत खाली वाळू व वर रबराचे बारीक दाणे असतात. नायलॉनची जागा आता बहुतांशी पॉलिएथिलीनने घेतली आहे. फुटबॉलला तिसरी पिढी लागते, टेनिसला वाळूभरणाची दीड-दोन सेंटिमीटरची हिरवळ चालते, आणि क्रिकेटच्या सरावपट्टीला त्याहूनही आखूड, सुमारे एक सेंटिमीटरची. परसाच्या मालकाला दुकानदार बहुधा एकच नमुना ‘सर्व खेळांसाठी’ म्हणून दाखवितो. पण सर्व खेळांना सारखीच उत्तम अशी हिरवळ अस्तित्वात नाही. बास्केटबॉल आणि पिकलबॉल यांना चेंडूची खणखणीत उसळी हवी असते, ती कोणत्याही तंतुमय पृष्ठभागावर मिळत नाही. आणि बॅडमिंटनच्या खेळाडूला पायाखाली जी निश्चित पकड लागते, ती मऊ हिरवळीवर साधत नाही. या खेळांसाठी काँक्रीटवर ॲक्रिलिकचा थर किंवा जोडफरशीच हितावह.

गुंठ्याचा हिशेब

हौसेला पहिला लगाम जागेचा बसतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. या मापाने पाहिले असता बॅडमिंटनचे दुहेरी मैदान, १३.४० बाय ६.१० मीटर, हे पाऊण गुंठ्याच्या थोडे वर जाते. भोवती हालचालीला जागा धरली तर दीड गुंठा हवा. कबड्डीचे पुरुषांचे १३ बाय १० मीटरचे मैदान सव्वा गुंठ्याहून किंचित अधिक, आणि व्हॉलीबॉलचे १८ बाय ९ मीटरचे दीड गुंठ्याहून अधिक भरते. टेनिसचे मैदान केवळ रेषांपुरते अडीच गुंठे खाते. पण रेषांमागे पळावयास जी जागा लागते ती धरली तर साडेसहा गुंठ्यांची तजवीज करावी लागते, व ती फार्महाऊसवाल्यांनाच शक्य. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर लांब. गोलंदाजाची धाव आखडती घेतली तरी तीस मीटर लांब व साडेतीन-पावणेचार मीटर रुंद असा सरावपट्टा एका गुंठ्याहून किंचित अधिक जागेत बसतो. मात्र ही जागा चौकोनी असून चालत नाही. लांबट हवा, आणि बंगल्याच्या बाजूने समोरच्या फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत सलग पट्टा सुटलेला असेल तरच तो साधतो.

साताऱ्याच्या वाढीव वस्तीत काय किंवा सांगलीच्या विश्रामबागेकडे काय, सामान्य बंगल्याचा भूखंड दोन ते चार गुंठ्यांचा असतो. त्यातून इमला, पार्किंग, पाण्याची टाकी व एक-दोन नारळ वजा केले म्हणजे हाती अर्धा ते पाऊण गुंठा उरतो. तेवढ्या जागेत ‘मैदान’ होत नाही. एक आखूड सरावपट्टी किंवा लहान मुलांच्या पळापळीची जागा होते. एवढे सत्य आरंभीच पत्करले तर पुष्कळ पैसा व मनस्ताप वाचेल.

पायाखालची जमीन

आता विषयाच्या गाभ्याकडे वळू. हिरवळ दिसते वर, पण ती टिकते खालच्या थरांवर. आणि सातारा व सांगली यांमधील खरा फरक तेथेच आहे. सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उतारावर वसलेले. तेथे पुष्कळ ठिकाणी हात-दीड हातावर मुरूम लागतो, पाणी झटकन उतरून जाते, आणि पाया करणे सुलभ होते. उलट कृष्णाकाठची सांगली खोल काळ्या जमिनीवर उभी आहे. ही जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यात हात आत जाईल इतक्या भेगांनी तडकते. तिच्यावर थेट अंथरलेली कोणतीही सपाटी दोन पावसाळ्यांत लाटांसारखी होते. म्हणून सांगलीत पहिले काम काळी माती काढून टाकण्याचे: किमान दीड-दोन फूट खोदावे, तळ रोलरने दाबावा, आणि मग खालून वर या क्रमाने डबर, मुरूम, जाड खडी, बारीक खडी व शेवटी क्रशरची कच असे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून व रोलर फिरवून, बसवावेत. साताऱ्याच्या मुरमाड जागेत यांपैकी निम्मी खोदाई वाचते.

उताराची गोष्ट त्याहूनही महत्त्वाची. मीटरला एक सेंटिमीटर इतका ढाळ पुरेसा असतो. तेरा मीटरच्या मैदानाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेरा सेंटिमीटर. डोळ्यांना तो जाणवत नाही, चेंडूलाही विशेष नाही, पण पाण्याला बरोबर कळतो. एका गुंठ्यावर एका रात्रीत पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, आणि मृगाच्या सरीत तेवढा सहज पडतो, तर सुमारे पाच हजार लिटर पाणी जमते. ते जावे कोठे? कडेने छिद्रे असलेला चार इंची नळ खडीत पुरून गटारापर्यंत न्यावा, हा एक मार्ग. शोषखड्डा खणावा, हा दुसरा. पण तो साताऱ्याच्या मुरमात उपयोगी पडतो, सांगलीच्या काळ्या जमिनीत नाही, कारण ती ओली झाली म्हणजे पाणी घेण्याचे जवळजवळ थांबवते, आणि खड्डा तुडुंब भरून पाणी उलट मैदानात येते. सांगलीच्या पुष्कळ परसांत वरची हिरवळ शाबूत आणि खाली महिनोन् महिने कुबट ओल, डासांची पैदास व शेवाळ, असा जो प्रकार आढळतो त्याचे कारण हेच.

शिवाय सांगलीला महापुराचा धोका आहे. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि २०२१ च्या जुलैतही ते ५० फुटांच्या बरेच पुढे होते. पुराचे पाणी उतरते, पण गाळ राहतो. तंतूंच्या मुळाशी बसलेला तो चिकट काळा गाळ धुऊन निघत नाही, वाळू व दाणे वाहून जातात, आणि सांधे उसवतात. मातीच्या अंगणावर हाच गाळ पसरला तर फावड्याने ओढून काढता येतो. सबब पूररेषेच्या आतील परसात कृत्रिम हिरवळ घालणे म्हणजे पैसे नदीत टाकण्याचाच एक प्रकार, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

प्रत्यक्ष हिरवळ घालण्याचे काम या सर्वांच्या मानाने सोपे आहे. दोन किंवा चार मीटर रुंदीच्या गुंडाळ्या उलगडून काही तास उन्हात तशाच पसरू द्याव्यात. सर्व पट्ट्यांच्या तंतूंचा कल एकाच दिशेला ठेवावा. सांध्याखाली पट्टी घालून डिंक लावावा. कडा दगडी बांधात घट्ट बसवाव्यात. आणि वाळू एकदम न ओतता थोडी थोडी पसरून ताठ ब्रशने तंतू उभे करीत जावे. हे काम कोरड्या हवेत, म्हणजे दिवाळी ते होळी या काळात करावे. चांगला कारागीर ओळखण्याची खूण एकच: तो हिरवळीचा नमुना दाखविण्याआधी जमिनीचा ढाळ व पाण्याची वाट विचारतो.

ऊन, पाणी आणि आरोग्य

अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली या विषयाची जी मोजणी झाली तिचे आकडे आपल्याला विचार करावयास लावणारे आहेत. दिवसभराच्या सरासरीत खऱ्या गवताचा पृष्ठभाग सुमारे २६ अंश सेल्सिअस असताना शेजारचा कृत्रिम पृष्ठभाग ४७ अंशांवर होता, आणि कमाल तापमान तर नव्वदीच्या पुढे गेले. पाणी शिंपडून पाहिले असता ७९ अंशांवरून तो क्षणभर २९ वर उतरला, परंतु पाच मिनिटांत ४९ आणि वीस मिनिटांत ७३ वर परत चढला. खरे गवत बाष्पोत्सर्जनाने स्वतःला थंड राखते. प्लॅस्टिकला ती कला अवगत नाही. सांगली-मिरजेच्या चैत्र-वैशाखात सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळात अनवाणी मूल या पृष्ठभागावर पाय ठेवू शकणार नाही. आणि उन्हाळ्याची सुटी, म्हणजे मुलांच्या खेळण्याचा खरा हंगाम, नेमका तेव्हाच असतो.

याच्या उलट बाजूला पाण्याचा प्रश्न आहे, आणि तेथे कृत्रिम हिरवळीचा पक्ष बळकट आहे. खऱ्या गवताला उन्हाळ्यात गुंठ्याला रोज चारशे-पाचशे लिटर पाणी द्यावे लागते. ज्या वर्षी मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या २०१६ च्या एप्रिलमध्ये मैदानांवर पाणी मारण्याच्या मुद्द्यावरूनच मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला होता. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांत पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या गावात कोणी परसात हिरवळ भिजवीत बसला, तर ते शोभणारे नाही. तथापि विलायती गवताचा हट्ट सोडून आपली हरळी लाविली, तर ती पावसाळ्यात जोमाने पसरते, उन्हाळ्यात वाळून पिवळी पडते आणि पहिल्या वळिवाने पुन्हा फुटते. चार महिने पिवळे परस पाहण्याची तयारी असेल तर पाण्याचा प्रश्न निम्म्याहून अधिक सुटतो.

आरोग्याच्या बाजूने जो वाद जगभर आहे तो मुख्यतः रबराच्या दाण्यांचा. हे दाणे बहुधा जुन्या टायरांचे असतात. ते कपड्यांतून, बुटांतून घरात येतात, पावसाबरोबर गटारात व तेथून नदीत जातात. युरोपीय संघाने २०२३ च्या सप्टेंबरात सूक्ष्म प्लॅस्टिकविषयीचे जे निर्बंध संमत केले, त्यांत क्रीडांगणांच्या दाण्यांनाही अंतर्भूत करून आठ वर्षांची मुदत दिली. म्हणजे २०३१ नंतर तेथे असे दाणे बाजारात आणता येणार नाहीत. खेळाडूंचीही नाराजी आहे: २०१५ ची महिलांची विश्वचषक फुटबॉल स्पर्धा कॅनडात पूर्णपणे कृत्रिम मैदानांवर घेतली गेली, तेव्हा अनेक नामवंत खेळाडूंनी त्याविरुद्ध कायदेशीर तक्रार गुदरली होती. परसासाठी निष्कर्ष सोपा आहे: रबराचा दाणा टाळावा, केवळ धुतलेली गोल सिलिका वाळू वापरावी, आणि त्यायोगे चालणारीच हिरवळ निवडावी.

आणखी एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. ही हिरवळ सर्वसाधारणपणे आठ-दहा वर्षांत उन्हाने ठिसूळ होते. तेव्हा वाळू अडकलेले ते जड प्लॅस्टिक जाणार कोठे? भंगारवाला ते घेत नाही, आणि जाळणे नियमबाह्य तर आहेच, पण विषारीही आहे. सुस्त व्यवस्थेमुळे ते बहुधा एखाद्या ओढ्याच्या काठी जाऊन पडते.

कायदा आणि शेजारधर्म

कागदोपत्री बाजूही नीट पाहावी. निव्वळ मोकळ्या जागेवर पृष्ठभाग घालणे आणि त्यावर छप्पर, पक्के खांब किंवा प्रेक्षकांसाठी ओटा बांधणे यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात २०२० साली मंजूर झालेल्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचा संबंध येतो आणि महापालिकेची अथवा नगरपरिषदेची परवानगी आवश्यक ठरते. भूखंड गावठाणाबाहेरचा असेल तर सातबारा काढून जमीन बिगरशेती झाली आहे की नाही याची खातरजमा करावी. नदीकाठी जलसंपदा खात्याने आखलेली निळी रेषा ही पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दर्शविते. आपली मिळकत त्यांच्या आत की बाहेर, याचा दाखला आधी मिळवावा. हौसेने केलेले मैदान पुढे तासावर भाड्याने देण्याचा मोह होतो. पण तसे करताच निवासी जागेचा व्यापारी वापर सुरू होतो, आणि वीजदर, कर व परवाना या तिन्ही बाबतींत मालकाची जबाबदारी बदलते.

आवाजाचा प्रश्न याहून नाजूक. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. जाळीवर आदळणारा चेंडू, ‘हाऊज दॅट’ची आरोळी आणि शेजाऱ्याच्या शयनगृहात शिरणारा दिव्याचा झोत, ही तिन्ही भांडणाची बीजे होत. पूर्वी अंगणात खेळताना ‘काकू, चेंडू आला का?’ म्हणून विचारावयास जाणारे पोर आता कॅमेऱ्यात टिपले जाते, हा काळाचा महिमा. दिवे खाली तोंड करून लावावेत, नऊनंतर खेळ बंद ठेवावा, आणि जाळी उभी करण्यापूर्वी शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. कज्जा मिटविण्यापेक्षा तो उद्भवू न देणे सोपे.

पर्यायांची तुलना

वरील विवेचनाच्या आधारे परसाच्या मालकापुढे चार मार्ग उरतात. पहिला मुरमाचे मैदान: चाळलेला मुरूम चार-सहा इंच पसरून, पाणी मारून, धुम्मसाने चोपून, वर शेणाचा सडा घालून व फक्कीच्या रेषा आखून जे तयार होते ते कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल व मुलांच्या क्रिकेटला उत्तम, त्याची देखभाल घरच्या घरी होते, पुरानंतर ते पुन्हा उभे राहते, आणि नको झाले तर तेथेच वांगी-टोमॅटो लावता येतात. दोष दोन: पावसाळ्यात चिखल, आणि उन्हाळ्यात धूळ. दुसरा हरळीचे गवत: डोळ्यांना सुखद, पायांना मऊ, पण कापणी व पाणी यांची खोट. तिसरा सिमेंटचा पट्टा व त्यावर चटई: केवळ क्रिकेटच्या सरावाला, आणि त्यासाठी मात्र टिकाऊ. चौथा कृत्रिम हिरवळ: पावसाळ्यात लवकर वापरात येते, वर्षभर हिरवी दिसते, गुडघे कमी फुटतात; पण उन्हात तापते, खालच्या पायावर सर्वस्वी अवलंबून राहते, आणि दशकानंतर कचरा म्हणून उरते.

खर्चाची तुलना करताना दरपत्रकात खोदाई, मुरूम-खडी, निचरा, हिरवळ, जाळी व दिवे ही कलमे वेगवेगळी मागावीत. ठोक रकमेचे दरपत्रक स्वीकारू नये, कारण अशा रकमेत हिरवळ भारी दाखवून खालचे थर पातळ करणे फार सोपे असते, आणि ते पातळपण पहिल्या पावसाळ्यानंतरच कळते.

या साऱ्याचा निकाल एका वाक्यात मांडावयाचा तर तो असा: सातारा-सांगलीच्या सामान्य परसात पूर्ण मैदानाची कृत्रिम हिरवळ घालू नये. तिला योग्य जागा तीनच आहेत: पूररेषेबाहेरील, निचऱ्याच्या जमिनीवरील क्रिकेटची एकच सरावपट्टी, जेथे पश्चिमेकडील इमारतीची अगर शेडनेटची सावली दुपारी पडते अशी लहान मुलांची जागा, आणि जेथे पाऊस इतका लांबतो की मातीचे मैदान पाच महिने हातचे जाते, असा साताऱ्याच्या पश्चिमेचा महाबळेश्वर-पाचगणीकडील डोंगराळ पट्टा. यांखेरीज इतरत्र मुरूम व हरळी हीच शहाणपणाची निवड होय.

आणि एक विनंती. घरोघर अर्ध्या गुंठ्याची महागडी पट्टी घालण्यात जो पैसा जाईल, त्यातून दहा कुटुंबांनी एकत्र येऊन आपल्या पेठेतील शाळेचे मैदान मुरूम टाकून, रोलर फिरवून व पाण्याची वाट काढून नीट करावे, आणि मुख्याध्यापकांकडून सायंकाळी सहा ते आठ ते मुलांना खुले ठेवण्याचे लेखी मान्य करून घ्यावे. येत्या दिवाळीनंतर, जमीन वाळताच, हे काम हाती घेतले तर पुढील उन्हाळ्याच्या सुटीत मैदान तयार असेल. आणि परसात एकट्याने चेंडू भिंतीवर आपटणाऱ्या मुलाला भिडू मिळतील.